खड्ड्यातून पिशवीत: केनियाच्या उंच प्रदेशातील मुरघासाचा इतिहास

केनियाचा मध्यभाग विषुववृत्तावर आहे, पण तिथली हवा विषुववृत्तासारखी नाही. किआम्बू, मुरांगा, न्येरी, एम्बू, मेरू, न्यानदारुआ हे भाग समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० ते २,५०० मीटर उंचीवर पसरले आहेत. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. नैरोबी शहर त्याहूनही थोडे उंचावरच वसले आहे. रात्री गारठा, पायाखाली ज्वालामुखीची लाल कसदार माती आणि वर्षात दोन पावसाळे, असा हा मुलूख. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. थंड देशांतल्या फ्रिजियन, आयर्शायर, जर्सी गायी उष्ण कटिबंधात ज्या थोड्या ठिकाणी तग धरू शकल्या, त्यांपैकी हे एक. मात्र जानेवारी उजाडला की रान वाळू लागते आणि मार्चच्या मध्यापर्यंत हिरवे पान मिळणे कठीण होते. दूध नेमके याच दिवसांत आटते आणि दुधाचा भाव नेमका याच दिवसांत चढतो. या दोन-अडीच महिन्यांसाठी हिरवा चारा राखून ठेवण्याची धडपड शंभर वर्षे चालू आहे.

हिरवा चारा टिकवण्याची ही रीत, म्हणजे मुरघास, तत्त्वाने साधी आहे. चाऱ्याची बारीक कुट्टी करायची, ती दाबून आतली हवा काढायची आणि तोंड घट्ट बंद करायचे. हवा नसली की कुजवणारे जंतू थंडावतात आणि चाऱ्यातल्या साखरेवर जगणारे जीवाणू दुग्धाम्ल तयार करू लागतात. सामू चारच्या आसपास उतरला की चारा आहे त्या अवस्थेत राहतो. लोणचे जसे आंबटपणाने टिकते, तसाच. सगळे दोन गोष्टींवर अवलंबून असते: चाऱ्यात साखर पुरेशी हवी आणि पाणी बेताचे हवे. मका या कसोटीला उत्तम उतरतो. दाणा दुधाळ अवस्थेतून पिठाळ अवस्थेत आला असताना कापलेल्या मक्यात दोन्ही गोष्टी मापात असतात, म्हणून जगभर मुरघास म्हटले की आधी मकाच आठवतो. फ्रान्समध्ये ऑग्युस्त गोफार यांनी मक्याच्या मुरघासावरील आपल्या प्रयोगांचे पुस्तक १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. दोन वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत निघाले आणि तेथून ही रीत मोठ्या शेतांवर पसरली. केनियात ती गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर आली. पण मुरघास येण्यापूर्वीही गोठ्यात चारा आणून घालण्याची पद्धत या भागात होती, आणि ती विसरून चालत नाही.

किकुयू लोकांची गुरे वशिंडाची, बुटकी, दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देणारी होती. ती रानात चरत. पण प्रत्येक घरात एखाद-दुसरा एडका किंवा बोकड बांधून पोसला जाई, आणि तोही बाईच्या झोपडीतच, आतल्या कोपऱ्यातल्या लहान कोंडवाड्यात. त्याला बाहेर सोडत नसत. घरातली बाई रताळ्याचे वेल कापून आणी आणि त्याच्यापुढे टाकी. सण, लग्न, विधी यांसाठी असा माजलेला एडका लागे. रताळे मूळचे अमेरिकेचे. पूर्व आफ्रिकेत ते आले आणि बायकांचे पीक म्हणून रुजले. जनावराला एका जागी बांधायचे, चारा त्याच्यापाशी न्यायचा आणि तो चारा माणसाच्या अन्नाच्या पिकातूनच काढायचा, हे शहाणपण त्या झोपडीत आधीपासून होते. पुढे संशोधन केंद्रांना ते पुन्हा हाती घ्यावे लागले, तेव्हा मध्ये बराच काळ गेला होता.

मोम्बासाहून निघालेली रेल्वे १८९९ मध्ये नैरोबीला आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोहोचली. रुळांच्या दोन्ही बाजूंची उंचावरची जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखली गेली. लॉर्ड डेलामेर यांनी १९०३ मध्ये न्जोरोला मोठा जमिनीचा पट्टा घेऊन परदेशी मेंढ्या आणि गुरे आणली. त्यांतली बरीच मेली. काही जमिनीत क्षार कमी होते, आणि त्याहून मोठा शत्रू गोचीड होती. तपकिरी कानाच्या गोचिडीतून पसरणारा ‘ईस्ट कोस्ट फीवर’ हा ताप परदेशी रक्ताच्या गुरांना हमखास मारी. गोचिडीचा बंदोबस्त औषधी पाण्याच्या हौदांतून गुरे बुडवून काढूनच होऊ शकला. गाय जितकी कमी रानात फिरेल तितकी गोचीड कमी, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तो अमलात आणण्याची निकड मात्र हजार एकरांच्या मालकाला नव्हती.

वसाहतवाल्यांचे दूध लोण्याच्या रूपाने परदेशी जाई. १९२५ मध्ये त्यांच्या मलई केंद्रांची सहकारी संस्था, केनिया को-ऑपरेटिव्ह क्रीमरीज, उभी राहिली. मोठ्या शेतांवर चराऊ कुरणे होती, ट्रॅक्टर होते, मजूर होते. मक्याचा मुरघास खड्ड्यात भरला जाई. ट्रॅक्टरची चाके त्यावरून फिरवून तो दाबला जाई. चाळीस-पन्नास गायींच्या कळपाला असा खड्डा सोयीचा होता. स्थानिक शेतकऱ्यांना मात्र या व्यवसायात जागा नव्हती. दुधाची बाजारपेठ गोऱ्यांच्या ताब्यात होती, संकरित जनावरे पाळण्याला उत्तेजन नव्हते, आणि स्थानिकांना नेमून दिलेल्या भागांतली जमीन वाटणीमागून वाटणी होत आक्रसत चालली होती.

याच आक्रसत्या जमिनीवर नेपियर गवत आले. हे गवत आफ्रिकेचेच, नदीकाठी माणसाच्या दुप्पट उंच वाढणारे. बुलावायोच्या कर्नल नेपियर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऱ्होडेशियाच्या कृषी खात्यामागे लागून त्याचा चारा म्हणून विचार करायला लावला, त्यावरून त्याला हे नाव पडले. मराठीत त्याला हत्ती गवत म्हणतात. भारतात बाजरीशी त्याचा संकर झाला आणि तो ‘गजराज’ म्हणून शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले ‘यशवंत’ आणि ‘फुले जयवंत’ हे वाण याच संकराचे आहेत.

केनियात मात्र नेपियर आधी चारा म्हणून नव्हे, तर माती धरून ठेवणारे गवत म्हणून पसरले. उतारावर पायऱ्या खोदून त्यांच्या काठाने गवत लावायचे, अशी सरकारी मोहीम दुसऱ्या महायुद्धानंतर जोरात चालली. ती सक्तीची होती. आठवड्याचे ठराविक दिवस बिनमजुरीचे काम करावे लागे, आणि पुरुष शहरात कामाला गेलेले असल्यामुळे कुदळ बायकांच्याच हाती येई. मुरांगात १९४७-४८ मध्ये बायकांनी या कामाला उघड नकार दिला. पुढे पंधरा-वीस वर्षांत याच बायकांनी त्याच पायऱ्यांच्या काठांवर आपल्या मर्जीने नेपियर लावले, कारण तोवर गोठ्यात स्वतःची गाय आली होती. गवत तेच होते. बदलली होती ती मालकी.

हा बदल गोऱ्या सत्तेविरुद्धच्या माउ माउ उठावाच्या धामधुमीत झाला. १९५४ च्या स्विनर्टन योजनेने विखुरलेले तुकडे एकत्र करून शेतकऱ्याच्या नावावर जमीन करण्याचे काम हाती घेतले आणि कॉफी, चहा, दुधाळ गायी या गोष्टी स्थानिक शेतकऱ्यांना खुल्या केल्या. उठाव शमवणे हा सरकारचा हेतू होता, हे योजनेच्या काळावरूनच दिसते. पण परिणाम त्या हेतूच्या पुढे गेला. काबेतेच्या कृत्रिम रेतन केंद्रामुळे, जे १९४६ मध्ये सुरू झाले होते, वळू न पाळता संकरित कालवड मिळवणे शक्य झाले. १९६२ पासून ‘दहा लाख एकर’ योजनेत गोऱ्यांची शेते विकत घेऊन सुमारे ३५,००० कुटुंबांना वाटली गेली. डिसेंबर १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला. गिथुंगुरी आणि लिमुरू येथील शेतकऱ्यांच्या दूध संस्था १९६१ च्याच. हजार एकरांवरची गाय अशा रीतीने दोन-तीन एकरांवर आली, आणि पुढच्या पिढीत त्याहून लहान तुकड्यावर.

गायीला चरायला सोडण्याइतकी जागा उरली नाही. १९८० पासून पंधरा वर्षे चाललेल्या राष्ट्रीय दुग्धविकास प्रकल्पाने, ज्याला डच सरकारचे साहाय्य होते, बंदिस्त गोठ्याचा प्रसार केला. छप्पर, प्रत्येक गायीला निजायला फळ्यांचा वेगळा कप्पा, पुढे गव्हाण, वासराला स्वतंत्र जागा, खाली शेणाचा खड्डा आणि शेजारी नेपियरचे शेत, असा तो आराखडा होता. गोचिडीचा धडा इथे अखेर उपयोगी पडला: गाय बाहेर जात नाही, म्हणून ताप कमी. शेण कॉफीला आणि केळीला जाऊ लागले. नेपियर लावण्याची ‘टुंबुकिझा’ ही रीतही लहान शेतकऱ्यांत रूढ झाली. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ आत ढकलणे. हातभर खोल, हातभर रुंद खड्डा घ्यायचा, वरची माती आणि शेणखत कालवून तो भरायचा आणि एकेका खड्ड्यात पाच ते दहा कांड्या लावायच्या. ओल खड्ड्यात टिकते, म्हणून पाऊस ओसरल्यावरही काही आठवडे हिरवा पाला मिळत राहतो.

काही आठवडेच. फेब्रुवारीत नेपियरही थांबते, आणि पाऊस असताना ते इतके वाढते की कापून संपत नाही. गुडघ्याच्या वर, कमरेपर्यंत असताना कापले तर त्यात आठ-दहा टक्के प्रथिने मिळतात. डोक्यावर गेले की नुसती काठी. पावसात कापून ठेवावे आणि उन्हाळ्यात घालावे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मुरघासाची माहिती विस्तार खात्याकडे होती, खड्ड्याची चित्रे पत्रकांत होती. तरी दशकानुदशके लहान शेतकऱ्यांनी मुरघास केला नाही. याचे खापर अनेकदा अज्ञानावर फोडले गेले. ते चुकीचे होते. खड्डा मुळात त्यांच्या मापाचा नव्हता.

मुरघास एकदा उघडला की हवा आत शिरते. उघड्या तोंडावरचा चारा रोज वीतभर तरी खोलवर काढत गेले नाही, तर तो तापतो, बुरशी धरतो आणि वाया जातो. चाळीस गायी रोज तेवढा चारा संपवतात. एक गाय संपवू शकत नाही. खड्डा लहान केला तर हाताने दाब नीट बसत नाही आणि कडेचा चारा सडतो. शिवाय खड्डा एका दिवसात भरावा लागतो, म्हणजे कुट्टीयंत्र, मजूर आणि चारा सगळे एकाच वेळी हवे. आणि भरायचे काय, तर मका, जो घरात उगाली, म्हणजे पिठाची घट्ट उकड, होऊन ताटात येतो. या डोंगराळ भागात मका हेच मुख्य अन्न आहे. किटाले केंद्रातून १९६४ मध्ये आलेल्या संकरित वाणाने तर त्याचे पीक दूरवर पोहोचवले. एक एकराच्या मालकाने दाणा भरण्याआधी मका कापून गायीला घालावा, हे सांगणे म्हणजे घरातल्या मुलांच्या वाट्याचे काढून गायीला दे म्हणण्यासारखे होते. शेतकरी कणसे काढून वाळलेला कडबा गायीपुढे टाकत राहिला. तो योग्यच करत होता.

१९९२ मध्ये दुधाचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. केनिया को-ऑपरेटिव्ह क्रीमरीज या एकाच मोठ्या खरेदीदाराचा आधार डळमळला, खासगी फेरीवाले आले, आणि उन्हाळ्यातल्या लिटरला पावसाळ्यातल्या लिटरपेक्षा खरोखरच जास्त पैसे मिळू लागले. चारा साठवण्याला आता रोख कारण होते. त्यानंतरच्या दशकात केनियाच्या कृषी संशोधन संस्थेने आणि विस्तार कार्यकर्त्यांनी प्लास्टिकच्या नळीतल्या मुरघासाचा प्रसार केला. जाड काळ्या प्लास्टिकची, दोन्ही बाजूंनी उघडी नळी अडीच-तीन मीटर लांबीची कापायची. एक तोंड सुतळीने आवळायचे, उलटे करून आत कुट्टी भरायची. प्रत्येक थरावर मळीचे पाणी शिंपडायचे आणि भरणाऱ्याने आत उतरून पायांनी तुडवायचे. वर तोंड बांधून माती किंवा दगड ठेवायचे. अशा पिशवीत चारशे-पाचशे किलो चारा मावतो. दीड-दोन महिन्यांनी ती उघडायची. एक-दोन गायी ती तापण्याआधी संपवतात. ट्रॅक्टर नाही, खोदकाम नाही, आणि एका दिवशी एकच पिशवी भरली तरी चालते. मुरघास लहान शेतकऱ्याच्या मापाचा झाला तो इथे.

मक्याऐवजी काय भरायचे हा प्रश्न आता प्रयोगाचा झाला. नेपियर पहिले, पण त्यात साखर कमी आणि दांडा जाड, म्हणून हवा अडकते. बारीक कुट्टी आणि शंभर किलोला तीन ते पाच किलो मळी, एवढ्यावर ते टिकते. मळी पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांतून येते. डेस्मोडियमसारख्या द्विदल वेलींत प्रथिने जास्त, पण ती सामू उतरू देत नाहीत. अशा वेली एकट्या भरल्या तर सडतात, नेपियरबरोबर मिसळल्या तर जमतात. कॅलिअँड्रा हे मध्य अमेरिकेचे झुडूप एम्बूच्या आसपास १९९० च्या दशकात बांधांवर लावले गेले. तिथल्या प्रयोगांत त्याचा तीन किलो ओला पाला साधारण एक किलो विकतच्या खुराकाइतके दूध देतो असे आढळले. ते उन्हाळ्यातही हिरवे राहते, त्यामुळे मुरवण्यापेक्षा ताजेच घालण्याकडे कल राहिला. किनांगोपसारख्या २,४०० मीटरवरच्या भागात नेपियर थंडीने खुरटते. तिथे ओट आणि वेच या जोडपिकाचा मुरघास चांगला होतो. थंड कोरड्या उंच भागांसाठी चाऱ्याच्या ज्वारीचे वाणही तयार झाले. थिकाजवळ अननस डबाबंद करणाऱ्या कारखान्याचा चोथा, नैरोबीच्या बिअर कारखान्यांतून निघणारे ओले धान्य, ज्याला तिथे ‘मचिचा’ म्हणतात, आणि केळीचा चिरलेला बुंधा हेही गव्हाणीत आले.

सर्वांत मोलाचा पर्याय मात्र जुनाच होता. रताळ्याच्या वेलात साधारण पंधरा ते वीस टक्के प्रथिने असतात, म्हणजे नेपियरच्या जवळपास दुप्पट, आणि तो मिळवण्यासाठी माणसाचे अन्न सोडावे लागत नाही. कंद घरात, वेल गोठ्यात. आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्राने केनियातल्या संस्थांबरोबर त्याच्या मुरघासावर काम केले. अडचण पाण्याची होती. कापलेल्या वेलात पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते, तसाच भरला तर तळाशी काळे पाणी साचून वास सुटतो. म्हणून वेल दिवसभर उन्हात पसरून सुकवायचे, मग चिरायचे आणि वाळलेले नेपियर, मक्याचा कोंडा किंवा कडब्याची कुट्टी मिसळून भरायचे. बाजारात न विकले जाणारे बारीक कंद चिरून घातले तर मळीचा खर्च वाचतो. फक्त बुरशी लागलेला कंद त्यात जाता कामा नये. तो गायीच्या फुफ्फुसांना घातक ठरतो. चांगला जमलेला वेलाचा मुरघास पिवळट हिरवा दिसतो, त्याला आंबट-गोड वास येतो आणि मुठीत दाबला तर हाताला ओल लागते, पण पाणी गळत नाही.

नेपियरवरचा भरवसाही दरम्यान ढळला. १९९० च्या दशकात मध्य केनियात त्यावर काणी पडू लागली. तिला दाद न देणारा ‘काकामेगा १’ हा वाण त्यानंतर पुढे आला. पश्चिम भागात तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या खुजेपणाच्या रोगाने ठोंबे पिवळी पडून मरू लागली. त्याची शास्त्रीय नोंद २००४ ची. हा रोग कांड्यांतून शेजाऱ्याच्या शेतात जातो, आणि शेतकरी नेपियर विकत घेत नाहीत, एकमेकांकडून मागून लावतात. जे सौजन्य गवताच्या प्रसाराला कारण झाले, तेच रोगाच्याही. एकाच गवतावर सगळा दुधाचा व्यवसाय उभा करण्यातला धोका यातून ठळक झाला.

ब्राकिआरिया हे गवत याच काळात परतले. तेही पूर्व आफ्रिकेचेच. १९८० च्या दशकात त्याचे नमुने इथून कोलंबियाला गेले, तिथे आणि ब्राझीलमध्ये त्याच्यावर काम झाले, कोट्यवधी एकर कुरणे त्याने व्यापली. ‘मुलातो’सारखे संकरित वाण घेऊन ते २०१२ नंतर केनियाच्या शेतांत पुन्हा आले. त्याला पाने जास्त, दांडा कमी, आणि बी पेरून लावता येत असल्यामुळे रोगट कांड्यांची भीती नाही. मात्र नेपियरइतका ढीग ते देत नाही, आणि फार उंचावरच्या थंडीत त्याची वाढही मंदावते.

मक्याचा मुरघासही या दशकांत परत वाढला आहे, पण मोठ्या शेतांवर आणि यंत्रे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कंत्राटी गटांमार्फत. एक-दोन एकरांवर तो अजूनही महागच पडतो. २०११ मध्ये बोमेत भागात मक्यावर मारक विषाणुजन्य रोगाची साथ आली, तेव्हा कडबासुद्धा दुर्मिळ झाला होता. लहान शेतकऱ्याच्या पिशवीत म्हणून बहुधा मिश्रण असते: बांधावरचे नेपियर, रताळ्याचा वेल, थोडा डेस्मोडियम आणि मळी. चारा कापून डोक्यावरून आणण्याचे काम मुख्यतः बायकांचेच आहे, आणि उन्हाळ्यात त्यासाठी रस्त्याच्या कडेने दूरवर जावे लागते. एका गायीला दोन महिने रोज दहा किलो मुरघास पुरवणी म्हणून द्यायचा, तर सहाशे किलो लागतो. तेवढा चारा दोन पिशव्यांत मावतो.